अभ्यागत

आपल्याकडे 'अतिथी-अभ्यागत' असा एक जोडशब्द आहे. अतिथी म्हणजे तिथी न पाहता येणारा, हे आम्ही शाळेत दर वर्षी शिकवतो. अभ्यागताकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. अतिथीच्या मागोमाग तो बिचारा येतो, पानावर बसतो आणि निघून जातो. हा शब्द एकटा, आपल्या पायांवर उभा असलेला मी प्रथम पाहिला तो एका सरकारी कागदावर. २०२३ सालच्या पावसाळ्यात ते पत्र आले. जिल्ह्याच्या तुरुंगावर दोन वर्षांकरिता माझी 'अशासकीय अभ्यागत' म्हणून नेमणूक झाली होती. शाळामास्तर आणि वर चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस. समाजकार्याची आवड असावी अशी कोणीतरी समजूत करून घेतली असणार. घरात पत्र वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, "तुरुंगात कोणी पाहुणा म्हणून जातो का रे?" मला उत्तर सुचले नाही. पुढल्या दोन वर्षांत जे थोडेफार सुचले, ते येथे लिहीत आहे.

माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. कायद्याचे पुस्तक हाती धरण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता. पण तपासणी म्हणजे काय हे मला पक्के ठाऊक होते, कारण गेली वीस वर्षे मी तपासल्या जाणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. साहेब येणार म्हटले की शाळेला नवे रूप चढते. भिंतींना चुना लागतो, नकाशांवरची धूळ जाते, हुशार मुले पुढच्या बाकांवर येतात आणि अडखळणाऱ्या मुलांना त्या दिवशी पाणी भरण्याचे फार महत्त्वाचे काम निघते. साहेब पट पाहतात, खिचडीची चव घेतात, सातचा पाढा विचारतात आणि चहा घेऊन शेरेबुकात लिहितात, 'प्रगती समाधानकारक.' यात खोटे कोणीच बोलत नाही. दाखवले ते सारे खरेच असते. जे दाखवलेले नसते त्याच्याविषयी कोणी विचारत नाही, एवढेच.

तुरुंगाची पहिली भेट अशीच झाली. दिवस आधी कळवलेला होता. मोठ्या दरवाजातली दिंडी उघडली आणि वाकून आत गेलो, तोच ताज्या चुन्याचा वास आला. अंगण झाडून लखलखीत होते. कैदी दोन रांगांत उकिडवे बसवलेले, माना खाली. स्वयंपाकघरात मला वाटीभर आमटी दिली. ती चांगली होती, आमच्या शाळेतल्या आमटीपेक्षाही दाट होती. मग तुरुंगाधिकारी साहेबांच्या खोलीत खुर्ची, चहा आणि समोर अभ्यागतांचे पुस्तक. शेरा लिहिण्यापूर्वी मी मागची पाने चाळली. 'स्वच्छता उत्तम. अन्न रुचकर. कैदी समाधानी दिसले.' अक्षरे निराळी, सह्या निराळ्या, शेरा एकच. शाळेच्या शेरेबुकाची आणि या पुस्तकाची गाठ कोणी घालून दिली असती, तर ती दोन भावंडे निघाली असती.

त्या जुन्या अभ्यागतांना मी दोष देत नाही. त्यांना जे पाहायला सांगितले होते तेच त्यांनी पाहिले. तुरुंगांचा आपला मूळ कायदा १८९४ सालचा, इंग्रजी राज्यातला. अभ्यागत नेमण्यासाठी नियम करता येतील, अशी तरतूद त्यातच होती. पण तो कायदा पाहतो तो व्यवस्थेकडे. भाकरीचे वजन भरते की नाही, कांबळी किती, नोंदवह्या पुऱ्या आहेत की नाहीत. गावचा इनामदार आपला गोठा पाहायला जातो तेव्हा दावणी, वैरण आणि शेणकूट पाहतो. बैलाशी बोलत बसत नाही. त्या दृष्टीने माणूस हा तपासणीचा विषयच नव्हता. तो मोजायचा होता. मोजदाद बरोबर आली की काम झाले.

आम्हां मराठी वाचकांना तर तुरुंग म्हटले की फार मोठी माणसे आठवतात. लोकमान्यांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. त्यामुळे तुरुंग ही जागा आमच्या मनात जवळजवळ एखाद्या आश्रमासारखी होऊन बसली आहे. पण बराकीत बसलेला बहुतेक माणूस असा नसतो. तो कोणाच्या शेतावरचा सालदार असतो, कोणी ट्रकवरचा क्लीनर, कोणी वीटभट्टीवरचा मजूर. त्याला लिहिता येत नाही, आणि आले तरी त्याच्या लिहिण्याची वाट पाहणारा प्रकाशक नसतो. त्याच्या नावावर जे काही लिहिले जाईल ते दुसऱ्याच्याच हाताने, आणि कुठल्यातरी रकान्यात. ते पुस्तक हातात घेऊन बसलो असताना मला वाटले, या माणसाचे चरित्र लिहिण्याची कोरी जागा या साऱ्या तुरुंगात एवढीच आहे, आणि तिथे आपण 'अन्न रुचकर' असे लिहीत आलो आहोत.

मग मी वाचू लागलो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांनी काही निकालांची मराठी टिपणे दिली, आणि रात्री वह्या तपासून झाल्यावर मी ती वाचत असे. कादंबरीकाराला निकाल वाचायला कंटाळा येईल असे मला वाटले होते; तसे झाले नाही. निकालांच्या मुळाशी पुष्कळदा एखादे साधे पत्रच असते. दिल्लीच्या तिहार तुरुंगातल्या सुनील बात्रा नावाच्या फाशीच्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्यात स्वतःविषयी मागणे नव्हते. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने दुसऱ्याच एका कैद्याला अमानुष छळले, ही तक्रार होती. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. १९७९ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालात न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्या, कैद्यांना एकांतात बोलता यावे, आणि तक्रारींसाठी पेट्या असाव्या, त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या ताब्यात असाव्या, असे सांगितले आहे. कैद्याच्या अंगावरून स्वातंत्र्य उतरते, पण मूलभूत हक्क सारेच्या सारे उतरत नाहीत. हे तत्त्व त्या काळच्या निकालांत पुन्हा पुन्हा येते.

दुसरे पत्र आपल्या मुंबईचे. शीला बरसे या पत्रकार स्त्रीने मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून चौकशी करविली. फेब्रुवारी १९८३ मध्ये जो निकाल लागला त्यात स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तीवर स्त्री शिपायांचा पहारा, आणि अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावण्याचा हुकूम होता. शिवाय एका स्त्री न्यायाधीशाने शहरातल्या कोठड्यांना अधूनमधून, आधी न कळवता भेट द्यावी असेही होते. 'आधी न कळवता' हे शब्द वाचून, वीस वर्षे तपासणीची तयारी करणाऱ्या मला हसू आले. ज्याने ते शब्द घातले त्याला शाळा पुरती ठाऊक असली पाहिजे.

तिसरे पत्र ओरिसातल्या एका आईचे. पोलिसांनी नेलेला तिचा बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळाजवळ मृत सापडला होता. १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आईला दीड लाख रुपये भरपाई देवविली. रक्कम मोठी नव्हे. मोठी गोष्ट ही की, माणूस सरकारच्या ताब्यात असताना गेला तर त्याचा जाब सरकारने द्यायचा, आणि नुकसानभरपाईसाठी निराळा दावा लावत बसण्याची सक्ती आईवर करायची नाही, असे ठरले. हे ठरवताना न्यायालयाने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचाही आधार घेतला. जिनेव्हा-न्यूयॉर्कला लिहिलेले कलम एका खेडवळ बाईच्या कामी आले, ते असे.

त्याच वर्षी मानवी हक्क संरक्षणाचा कायदा झाला आणि ऑक्टोबरात राष्ट्रीय मानवी हक्क आयोग बसला. महाराष्ट्राचा राज्य आयोग २००१ साली कामाला लागला. त्या कायद्यात मानवी हक्कांची व्याख्या चार शब्दांवर उभी केली आहे : जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचा, कागदपत्र मागवण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार आहे, आणि तुरुंग पाहण्याचाही. मूळ कायद्यात तुरुंग पाहायला जायचे तर राज्य सरकारला सूचना देऊन जावे असे होते. २००६ च्या दुरुस्तीत ती सूचना गाळली. कायद्यातले दोन-चार शब्द कमी झाले, पण चुन्याचा खर्च किती वाचला असेल!

मी आयोग नव्हे. आयोगापासून पुष्कळ पायऱ्या खाली बसणारा एक अभ्यागत. पण ते चार शब्द मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि त्यांचे चार प्रश्न केले. हा माणूस जिवाने ठीक आहे का? हा येथे असायला हवा त्याहून एक दिवसही अधिक आहे का? याला शेजारच्याहून निराळे वागवतात का? आणि याच्याशी बोलताना याची मान खाली घालावी लागते का? दुसऱ्या भेटीला मी दिवस कळवला नाही. नेमणुकीच्या कागदाने तशी मुभा होती. आत गेल्यावर मी तुरुंगाधिकारी साहेबांना विनंती केली, की कैद्यांना उकिडवे बसवू नये आणि मी बराकीत बोलताना शिपायाने दाराशी, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर उभे राहावे. साहेब मनाने चांगले होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणता तर करू. पण ते बसतील उकिडवेच. सवय झालीय." आणि खरोखर, उभे राहा म्हटल्यावर निम्मे लोक उभे राहिले ते गुडघ्यांत वाकूनच. चौथा प्रश्न सर्वांत सोपा असेल असे मला वाटले होते. तोच सर्वांत चिवट निघाला.

स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र निव्वळ अंकगणिताचा होता. तुरुंगात पक्के कैदी आणि कच्चे कैदी असे दोन वर्ग. पक्का म्हणजे शिक्षा झालेला. कच्चा म्हणजे खटला चालायचा असलेला, कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष असलेला. २०२४ च्या हिवाळ्यात अशा एका कच्च्या कैद्याशी बोलणे झाले. साध्या चोरीचा आरोप, पहिलाच, दुसरा खटला नाही. जामीन मंजूर झाला होता, पण सातबारा घेऊन उभा राहील असा जामीनदार त्याला गावात मिळाला नाही. "किती दिवस झाले?" विचारले तर म्हणाला, "मागल्या गणपतीनंतर आलो, ह्या गणपतीलाही हितंच होतो." नोंदवहीत पाहिले. चौदा महिने झाले होते. साध्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर त्याला सोडावे, ही तरतूद २००६ पासून होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्याच गुन्ह्याच्या आरोपीसाठी तो काळ एकतृतीयांशावर आणला; जन्मठेपेचे व फाशीचे गुन्हे सोडून आणि एकाहून अधिक खटले असलेले वगळून. तोही जातमुचलक्यावर, म्हणजे सातबाराचा प्रश्न उरला नाही. हे जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑगस्टात स्पष्ट केले होते, आणि मुदत भरताच न्यायालयाला लेखी कळवण्याचे काम नव्या कलमाने तुरुंगाच्या अधीक्षकावरच टाकले आहे.

छत्तीस महिन्यांचा तिसरा हिस्सा किती, हे माझ्या पाचवीतल्या मुलांना विचारले तर निम्मे हात वर जातील. बारा. चौदातून बारा गेले, राहिले दोन. हे दोन महिने कोणत्या शिक्षेचे, कोणी सुनावलेले? मी पुस्तकात कैद्याचा क्रमांक, आत आल्याची तारीख, कलम, महिने आणि वजाबाकी एवढेच लिहिले. 'दुर्दैवाने', 'खेदाने' असले शब्द घातले नाहीत. साहेबांनी वाचले आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "गुरुजी, तोंडी सांगितले असते तरी चालले असते. लिहायचे कशाला?" त्यांची अडचणही खरी होती. दोनशेच्या जागेत किती माणसे कोंबली होती ते मी मोजले होते, आणि ही सगळी गणिते करायला त्यांच्याकडे एक कारकून होता. तोही अर्धा वेळ न्यायालयाच्या तारखांत गुंतलेला. मी म्हणालो, "साहेब, तोंडी सांगितलेले आपल्या दोघांतच राहते. लिहिलेले असले की तुम्हालाही वर माणूस मागता येईल." ती नोंद विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली, तिथून जिल्हा न्यायाधीशांच्या पुनर्विलोकन समितीपुढे. यादी करताना त्याच्यासारखे आणखी तिघे निघाले. काही आठवड्यांनी चौघेही घरी गेले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला सोपे होते. पण गाव लहान. ज्याच्या दुकानातली चोरी होती, त्याची मुलगी माझ्या वर्गात. एके संध्याकाळी ते गृहस्थ शाळेबाहेर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, चोराला हक्क असतात, मग माझ्या गल्ल्याला नसतात का?" माणूस सज्जन, सचोटीने धंदा करणारा, प्रश्न वादासाठी विचारलेला नव्हता, दुखून विचारलेला होता. मी त्यांना म्हणालो, "शेठजी, तुमच्या गल्ल्याचा हक्क खटल्यात आहे. चौदा महिन्यांत त्या खटल्याच्या किती तारखा झाल्या? तुम्हाला साक्षीला किती वेळा बोलावले?" ते म्हणाले, "एकदाही नाही." मग आम्ही दोघेही थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिलो. माणूस आत बसला आहे म्हणून न्याय चालू आहे, असे त्यांना वाटत होते. खरे तर तो आत बसला असल्यामुळेच कोणाला घाई नव्हती. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्यांनी पुढे काही महिने माझ्याशी बोलणे टाकले. पण कायद्याने सांगितलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा विसरभोळेपणाने भोगावी लागू नये, हे त्यांच्या गल्ल्याच्या विरुद्ध आहे असे मला अजूनही वाटत नाही.

समतेचा प्रश्न विचारण्याचे काम तर सर्वोच्च न्यायालयाने अभ्यागतांवर नाव घेऊनच सोपवले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल लागला. अनेक राज्यांच्या तुरुंगनियमांत झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवरून ठरवणारी कलमे उरली होती. ती न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका असे सांगितले, आणि असा भेदभाव कुठे चालतो का हे विधी सेवा प्राधिकरण व अभ्यागत मंडळ यांनी मिळून वरचेवर पाहावे, असा हुकूम दिला. मी विचारले, "संडास कोण साफ करते?" उत्तर आले, "ज्यांना सवय आहे ते." पुन्हा तोच शब्द, सवय! कोणी कोणाला जात विचारत नव्हते, हे खरेच होते. विचारावी लागत नव्हती, हेही खरे होते. आम्ही एवढेच केले, की झाडलोटीची पाळी बराकीप्रमाणे लावावी आणि ती फळ्यावर लिहावी असे ठरवून घेतले. शाळेत आम्ही वर्ग झाडण्याची पाळी फळ्यावर लिहितो तशीच. पुढच्या खेपेला फळा पाहिला. त्याच्या पुढच्या खेपेला फळा पुसलेला होता. मग पुन्हा लिहायला लावला.

आता जीविताचा प्रश्न. राष्ट्रीय आयोगाने बसल्या बसल्या जी कामे केली, त्यांत १४ डिसेंबर १९९३ चे एक पत्र फार महत्त्वाचे आहे. कोठडीत माणूस मेला किंवा कोठडीत बलात्कार झाला तर चोवीस तासांत आयोगाला कळवा, न कळवल्यास काही दडवले जात आहे असे मानले जाईल, असे त्यात होते. पुढे २००६ पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी असा नियम झाला. हे सारे माणूस गेल्यानंतरचे. तो जाऊ नये म्हणून काय, हे अभ्यागताने पाहायचे. आमच्या तुरुंगात मारझोडीची तक्रार माझ्या कानांवर आली नाही. पण पोटाच्या दुखण्याचा एक कैदी होता. त्याला सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचे पत्र डॉक्टरांनी तीनदा दिले, आणि तिन्ही वेळा पोलीस गार्ड मिळाली नाही. कधी बंदोबस्त, कधी निवडणूक, कधी मंत्र्यांचा दौरा. कोणी त्याला मुद्दाम रोखले नव्हते. त्याला रोखणारा माणूस शोधायला गेलो तर माणूसच सापडत नव्हता. हक्क मोडायला दुष्ट माणूस लागतोच असे नाही, हे मला त्या फायलीने शिकवले. मी ती तीन पत्रे तारखांसकट पुस्तकात उतरवली. मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली. शेवटी त्याला नेले. पण गार्डचा सर्वसाधारण प्रश्न मी चार बैठकांत मांडला आणि चारही वेळा इतिवृत्तात 'नोंद घेतली' असे आले. नोंद घेतली, म्हणजे उचलून ठेवली.

यावर पुष्कळ जण म्हणतात, मग या आयोगांचा, मंडळांचा उपयोग काय? आयोगाला तर शिफारशीच करता येतात. वर्षाहून जुनी घटना तो पाहू शकत नाही. सैन्यदलांविषयी तक्रार आली तर केंद्र सरकारकडून अहवाल मागवण्यापलीकडे त्याचा हात पोचत नाही. २०१७ साली मणिपूरच्या खटल्यात आयोगाने स्वतःच न्यायालयापुढे आपली स्थिती दात नसलेल्या वाघासारखी झाल्याचे गाऱ्हाणे मांडले होते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला संमती अजून दिलेली नाही. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या सुधारल्या पाहिजेत. आयोगाच्या जागा वेळेवर भरल्या जाव्या, शिफारस धुडकावणाऱ्याला कारण द्यावे लागावे, अभ्यागत नेमताना ओळखीपाळखी पाहू नयेत. तुरुंगांवर आणि पोलीस ठाण्यांवर अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये डी. के. बसू खटल्यात राज्यांना सांगितलेच आहे.

परंतु मला या दोन वर्षांत असे दिसले, की दात नाहीत म्हणून आपण डोळेही मिटून बसतो. त्या चौघांना मी सोडवले नाही. तो अधिकार मला नव्हता. कलम होते, न्यायाधीश होते, समिती होती. कमी होता तो नोंदवहीचे पान उघडून 'हा माणूस आज येथे का आहे?' असे विचारणारा एक माणूस. मानवी हक्कांचा कायदा म्हटले की आपल्याला मोठमोठ्या सनदा आणि परदेशातल्या परिषदा आठवतात. तुरुंगाच्या कचेरीत तो एवढासाच होऊन येतो : व्यवस्थेविषयी विचारायचे सोडून माणसाविषयी विचारा, आणि उत्तर मिळेल ते तारीख घालून लिहा. पाहणारे मंडळ हा प्रश्न विचारणार नसेल, तर घटनेतले एकविसावे कलम त्या दिंडीबाहेरच ताटकळत राहते. त्याला आत न्यायला कोणीतरी वाकून आत जावे लागते.

२०२५ च्या पावसाळ्यात माझी मुदत संपली. माझ्या जागी एक निवृत्त परिचारिका आल्या आहेत. मध्यंतरी त्या घरी येऊन गेल्या आणि आईच्या हातचा चहा घेत त्यांनी विचारले, "पहिल्या दिवशी काय पाहू हो, गुरुजी?" मी सांगितले, "आमटी पाहा, ती चांगली असते. मग मागचे पान उघडा. कोणी, कोणाला, कधीपर्यंत काय करतो म्हणून कबूल केले आहे ते वाचा, आणि ते झाले का विचारा. झाडलोटीचा फळा पाहा. गार्डचा मुद्दा माझ्याच्याने सुटला नाही. तो पाचव्यांदा मांडा." त्यांनी पिशवीतून वही काढली आणि तारीख घालून सारे टिपून घेतले. आई त्यांच्याकडे पाहत होती. त्या उठल्या तेव्हा तिने त्यांना हळदकुंकू लावले आणि म्हणाली, "दिवाळीत जाल ना तिकडे, तर जाताना इथून जा. चार लाडू देते. आणि न कळवता जा."